कुत्र्याच्या मेंदूतली गाठ : जात कोणती, उपचार कोणता, दिवस किती?

घरात कुत्रा आणायचा हट्ट मुलांचा, चारचौघांत त्याचं कौतुक सांगणार यजमान, आणि त्याच्या दूधपोळीपासून जंताच्या औषधापर्यंत सगळं बघणार आपण! बहुतेक घरांतलं चित्र हेच. म्हणून मैत्रिणींनो, ‘कुत्र्याच्या दुखण्यावर कसला लेख’ असं म्हणून पान उलटू नका. कुत्र्याच्या मेंदूत गाठ होते तेव्हा तिची पहिली चाहूल डॉक्टरांना नव्हे, त्याची ताटली भरणाऱ्या बाईला लागते. तो ताटलीतला एकाच बाजूचा भात खातो आणि दुसऱ्या बाजूचा तसाच सोडून देतो. आपण म्हणतो, माजला मेला! पण ताटली फिरवून ठेवली की तोच भात चाटूनपुसून साफ. भूक गेलेली नसतेच. मेंदूच्या एका बाजूला दाब आल्यामुळे शरीराच्या विरुद्ध बाजूचं भान त्याला राहिलेलं नसतं.

आणखीही खुणा आहेत. एकाच दिशेने गोल गोल फिरणे, भिंतीला कपाळ टेकून उभे राहणे, रोजच्या जिन्यावर अडखळणे, मान एकीकडे कलणे, गरीब स्वभावाच्या कुत्र्याने एकाएकी घरच्यांवर गुरगुरणे. आणि सगळ्यांत ठळक म्हणजे फिट. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असेल तर निम्म्याच्या आसपास कुत्र्यांत फिट हेच लक्षण दिसतं. पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत ज्याला कधी फिट आली नाही, त्याला ती पहिल्यांदा आली, तर ‘उन्हाने झालं असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

फिट आली की आपल्याकडे काय काय चालतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. कुणी कांदा हुंगवतो, कुणी चप्पल आणतो, कुणी दातात चमचा घालायला धावतो. यातलं काहीही करू नका. जीभ गिळली जात नाही. चावला मात्र तो नक्की जाईल, आणि त्यात त्याचा दोष नसेल. आजूबाजूचं फर्निचर सरकवा, मुलांना दूर करा, दिवा मंद करा आणि घड्याळाकडे बघा. पाच मिनिटांवर फिट लांबली किंवा एकीमागून एक येऊ लागली, तर रिक्षा बोलवा आणि सरळ दवाखाना गाठा. हाताशी कुणी असेल तर त्याला मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा. डॉक्टरांना आपल्या दहा वाक्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

मात्र प्रत्येक फिट म्हणजे गाठ नव्हे, हेही तितकंच खरं. सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू होणारं फेफरं बरेचदा आनुवंशिक असतं, आणि गोळ्यांवर असे कुत्रे वर्षानुवर्षं छान जगतात. लस न टोचलेल्या पिल्लाला डिस्टेंपरने फिट येते. मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने ज्याला घराघरांत पोचवलं त्या पगच्या जातीत मेंदूला सूज येण्याचा एक वेगळाच आजार आहे. तो तरुणपणीच येतो आणि वरवर पाहता अगदी गाठीसारखा दिसतो. मादी असेल तर तिच्या स्तनांवरून हात फिरवून बघायची सवय ठेवा. तिथला कर्करोग पसरत मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

आता जातीचं बघू. या बाबतीतली जी माहिती छापली गेली आहे ती मुख्यतः परदेशातली, कारण मेलेल्या कुत्र्यांची तपासणी करून त्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं जपून ठेवणारी महाविद्यालयं तिथे आहेत. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने मेंदूतच सुरू झालेल्या गाठींच्या १७३ कुत्र्यांची माहिती २००६ साली प्रसिद्ध केली. त्यात जवळजवळ निम्म्या, म्हणजे शंभरात ४५ गाठी मेनिंजिओमा निघाल्या. मेंदूभोवती जे पातळ आवरण असतं त्याची ही गाठ. ती बाहेरून आत दाबत जाते. त्याखालोखाल ग्लायोमा. ही गाठ मेंदूच्याच आतल्या पेशींतून होते आणि दुधात साखर मिसळावी तशी आजूबाजूच्या मेंदूत मिसळून जाते. हा फरक नीट लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर आहे.

लांब तोंडाच्या जाती, म्हणजे आपण ज्याला अल्सेशियन म्हणतो तो जर्मन शेफर्ड, कॉली, गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्रॅडोर, यांच्यात मेनिंजिओमा जास्त. चपट्या तोंडाच्या बॉक्सर, बोस्टन टेरियर, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग यांच्यात ग्लायोमा जास्त. हा योगायोग नव्हे. चपट्या तोंडाची ही मंडळी जुन्या इंग्लिश बुलडॉगच्या घराण्यातली. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी इतरांच्या मदतीने २०१६ साली दाखवलं, की कुत्र्याच्या २६व्या गुणसूत्राच्या एका भागाचा ग्लायोमाशी संबंध आहे. चपटं तोंड गोंडस दिसतं म्हणून माणसाने पिढ्यान् पिढ्या तेच तेच कुत्रे निवडून जुळवले, आणि त्या निवडीबरोबर हेही पदरात आलं असावं. उलट, डोबरमन आणि कॉकर स्पॅनियल यांच्यात मेंदूत सुरू होणाऱ्या गाठी इतरांपेक्षा कमी आढळल्या, असं त्याच पेन्सिल्व्हेनियातल्या २०१३ सालच्या ४३५ कुत्र्यांच्या अभ्यासात दिसलं.

तर मग बॉक्सरवाल्यांनी कपाळाला हात लावायचा आणि लॅब्रॅडोरवाल्यांनी निर्धास्त राहायचं का? तसं नाही. जात सांगते ती एवढंच, की गाठ असलीच तर ती कुठली असण्याचा संभव अधिक. पुढचे दिवस ठरतात ते गाठ कुठली, ती मेंदूत नेमकी कुठे आणि उपचार कुठला यांवर. लॅब्रॅडोरला ग्लायोमा होतो आणि बॉक्सरलाही मेनिंजिओमा होतो. एमआरआयमध्ये गाठ दिसते, तिच्या रूपावरून डॉक्टर प्रकाराचा अंदाजही बांधतात; पण खात्री होते ती गाठीचा तुकडा तपासल्यावरच. म्हणून ‘तुमचा बॉक्सर आहे ना, मग काही करण्यात अर्थ नाही’ असं कुणी जातीवरूनच सांगू लागलं, तर ते पुरेसं मानू नका.

उपचारांचे आकडे सांगण्यापूर्वी या आकड्यांबद्दल एक गोष्ट. अभ्यासांत जे दिवस दिलेले असतात ते बहुधा सरासरी नसतात, मधला आकडा असतो. मी शाळेत मुलांना उंचीप्रमाणे ओळीत उभं करून बरोब्बर मधल्या मुलाची उंची मोजायला लावते, तसंच हे. निम्मे कुत्रे त्याच्याआधी जातात, निम्मे त्यानंतरही असतात. आपला मोत्या ओळीत कुठे उभा आहे हे तो आकडा सांगत नाही.

पहिला मार्ग नुसत्या औषधांचा. मेंदूची सूज उतरवायला प्रेडनिसोलोन आणि फिट थांबवायला फेनोबार्बिटोन किंवा लेव्हेटिरासिटाम. गाठ तिथेच राहते, दिवस जरा सुखाचे होतात. अमेरिकेत २०१३ साली अशा ५१ कुत्र्यांची माहिती छापून आली, तिचा मधला आकडा ६९ दिवस. पण गाठ मेंदूच्या पुढच्या मोठ्या भागात असलेल्यांचा १७८ दिवस आणि मागच्या खालच्या भागात असलेल्यांचा अवघा २८! औषधं तीच, जागेने एवढा फरक केला.

दुसरा मार्ग शस्त्रक्रियेचा. इथे जातीचा संबंध गाठीच्या प्रकारामार्फत येतो. स्पेनमधल्या डॉक्टरांनी २०१७ साली पुढच्या भागातली गाठ फक्त शस्त्रक्रियेने काढलेल्या २९ कुत्र्यांचा हिशेब दिला. मेनिंजिओमाचे कुत्रे मधल्या आकड्याने ४२२ दिवस जगले, ग्लायोमाचे ६६. म्हणजे ग्लायोमात कवटी उघडूनही पदरात पडलं ते नुसत्या औषधांइतकंच. बाहेरून दाबणारी गाठ सोलून काढता येते; मिसळलेली साखर कशी काढणार? मेनिंजिओमात तंत्राने पुष्कळ फरक पडतो. ध्वनिलहरींनी गाठ फोडून शोषून घेणाऱ्या यंत्राने केलेल्या १७ कुत्र्यांच्या शस्त्रक्रियांची माहिती २००६ साली आली. त्यांचा मधला आकडा १२५४ दिवसांचा, म्हणजे साडेतीन वर्षांच्या जवळपास. नऊ-दहा वर्षांच्या कुत्र्याला साडेतीन वर्षं म्हणजे जवळजवळ पुरं आयुष्यच की.

तिसरा मार्ग किरणोपचार, एकटे किंवा शस्त्रक्रियेच्या जोडीने. २००२ सालच्या ३१ कुत्र्यांच्या अभ्यासात मेनिंजिओमावर नुसती शस्त्रक्रिया केलेल्यांचे सात महिने भरले, आणि वर किरणोपचार दिलेल्यांचे साडेसोळा. ग्लायोमाला शस्त्रक्रियेपेक्षा किरणांचाच आधार जास्त. गाठीवर नेमके रोखलेले किरण थोड्याच बैठकांत देण्याची नवी पद्धत निघाल्यापासून काही केंद्रांनी ग्लायोमाच्या कुत्र्यांना वर्षभर, काहींनी त्याहूनही जास्त मिळाल्याचं नोंदवलं आहे. जुन्या पद्धतीत पंधरा ते वीस बैठका लागतात. आणि माणसासारखं ‘हलू नको बरं का’ म्हणून कुत्र्याला भागत नाही, प्रत्येक बैठकीला भूल द्यावी लागते. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचा श्वासमार्ग मुळातच अरुंद. त्यांना भूल देताना आणि शुद्धीवर आणताना जास्त सांभाळावं लागतं. ज्यांना किरणांची गरज अधिक, त्यांनाच भूल अवघड, असा हा पेच आहे.

लोमुस्टीन नावाची कर्करोगाची गोळीही देतात. तिच्याविषयी मात्र एकमत नाही. ग्लायोमाच्या कुत्र्यांवरच्या २०१८ सालच्या अभ्यासात तिचा चांगला फायदा दिसला. २०१४ साली मेंदूत गाठ असलेल्या ७१ कुत्र्यांत तो ठामपणे सांगण्याजोगा निघाला नव्हता. मिनेसोटा विद्यापीठात २००८ साली ‘बॅटमॅन’ नावाच्या कुत्र्याची ग्लायोमाची गाठ काढून त्याच गाठीच्या पेशींपासून केलेली लस त्याला टोचली. तो २०१० साली गेला, तो हृदयविकाराने. गाठ परत आली नव्हती. एका बॅटमॅनवरून सगळ्यांचा हिशेब मांडू नये हे खरं, पण कुत्र्याचा आणि माणसाचा ग्लायोमा पुष्कळ सारखा असल्याने माणसांचे डॉक्टरही या कामाकडे लक्ष ठेवून आहेत.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेत ठीक आहे हो, आमच्या गावात काय? आमच्या गावात एक्स-रेच्या पुढे काही नाही, आणि एक्स-रेत मेंदूतली गाठ सहसा दिसत नाही. मुंबईत परळला १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २०२४ साली महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. तिकडे जाण्यापूर्वी गावातल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी आणि रक्ताची तपासणी करून घ्या. एमआरआय, भूल, राहणं-जाणं यांचा खर्च आधी विचारून घ्या, आणि स्पष्ट विचारा, की एमआरआयमध्ये गाठ निघाली तर पुढचा उपचार इथे होणार का? होणार नसेल आणि आपल्याला परवडणार नसेल, तर नुसत्या तपासणीसाठी आजारी जिवाला बारा तास गाडीत घालण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. औषधांवर ठेवणं म्हणजे हयगय नव्हे. मुलाच्या फीचे पैसे आणि कुत्र्याची शस्त्रक्रिया एका पारड्यात आली, तर फीकडे झुकणाऱ्या बाईने स्वतःला दोष देऊ नये.

औषधांवर ठेवलेल्या कुत्र्याचं घरात करायचं म्हणजे पुन्हा आपल्याच हाती. प्रेडनिसोलोनने भूक आणि तहान अतोनात वाढते. परातीतली कणीक ओट्यावर उघडी टाकून दाराशी गेलात तर परत आल्यावर ती दिसायची नाही. पाणी मुळीच तोडू नका. रात्री एकदा उठून बाहेर न्या नाहीतर गच्चीच्या दाराशी जुनी वर्तमानपत्रं पसरा. गोळी पोटात अन्न असताना द्या. जोडीला घरातली दुखण्यावरची गोळी देऊ नका, पोटात रक्तस्राव होतो. फेनोबार्बिटोनने पहिले एक-दोन आठवडे तो झिंगल्यासारखा चालेल, त्याने घाबरू नका. यातली कुठलीही गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, संपण्याआधी चार दिवस आणून ठेवायची. गुळगुळीत फरशीवर जुन्या सतरंज्या घाला, जिन्याला फळी लावा. गोल फिरणारा कुत्रा कपाटामागे जाऊन अडकतो आणि त्याला मागे सरता येत नाही. तेवढी फट बंद करा.

आमच्या शेजारच्या बॉक्सरला साडेआठव्या वर्षी अशी गाठ निघाली. त्यांनी औषधांचाच मार्ग घेतला. शेजारच्या वहिनींनी भिंतीवरच्या कालनिर्णयात रोज रात्री खूण करायला सुरुवात केली. तो जेवला, शेपूट हलवली, माणसं ओळखली, तर निळी. फिट आली, नुसता भिंतीला टेकून राहिला, तर लाल. डॉक्टरांकडे गेल्या की ते पानच पुढे करायच्या. तीन महिने निळ्या खुणा होत्या. मग लाल वाढू लागल्या. एका आठवड्यात पाच लाल आल्या तेव्हा वहिनींनी डॉक्टरांना घरी बोलावलं. आठवीतल्या मुलाला आधी सगळं समजावून सांगितलं, आणि थांबायचं की नाही ते त्याच्यावर सोडलं. तो थांबला. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग दुसरं. पाच-सात मिनिटांत, त्याच्या नेहमीच्या गोणपाटावर, मुलाच्या मांडीवर डोकं ठेवून तो शांत झाला.