दोन चाके आणि दोन पाय

गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली ‘आयर्नमॅन ७०.३’ ही शर्यत पहिल्यांदा झाली आणि पुण्या-कोल्हापूरकडच्या हौशी ट्रायथलॉनवाल्यांना आपली जत्रा सापडली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, बाहेर येऊन ९० किलोमीटर सायकल हाणायची आणि अंगात जे काही उरले असेल त्यावर २१.१ किलोमीटर धावायचे. शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. मग आठवडाभर जिना उतरताना मांड्या कुरकुरतात, फोटो दाखवून होतात, दिवाळीचा उरलासुरला फराळ संपतो आणि डिसेंबरात पहाटेच्या चहावर दरवर्षीचा वाद सुरू होतो. पुढच्या शर्यतीपर्यंत सुधारायचे काय, सायकल की धावणे?

या वादात मी गेली काही वर्षे आहे. वय पन्नाशीच्या पलीकडे, नोकरी चालू, आठवड्याला जेमतेम आठ तास हाताशी. त्यातले दोन पोहण्याला जातात. पोहण्यात आमच्यासारख्यांचा प्रश्न दमापेक्षा तंत्राचा असतो, ते सांभाळले की पुरे. उरलेल्या सहा तासांची वाटणी हाच खरा तंटा.

गंमत अशी, की हा खेळच मुळी अशा वादातून मोठा झाला. हवाईतल्या ओआहू बेटावर १९७७ मध्ये एका रिले शर्यतीच्या बक्षीस समारंभात धावणारे आणि पोहणारे यांच्यात जुंपली, की दमदार कोण? जॉन कॉलिन्स या नौदल अधिकाऱ्याने मध्येच सायकलपटू एडी मर्क्सचे नाव घेतले आणि बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकापाठोपाठ एक, एकाच दिवसात करून पाहू, असे सुचवले. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण निघाले, १२ पोचले. सायकलवरून उतरताना जॉन डनबार पुढे होता. गॉर्डन हॅलरने त्याला धावण्यात गाठले आणि ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत शर्यत जिंकली. वाद तिथे मिटला असे मात्र कोणी मानू नये.

आता थोडा हिशेब. सायकलचा वेग ताशी २८ किलोमीटरवरून ३० वर नेला, तर गोव्याचे ९० किलोमीटर तेरा मिनिटे आधी संपतात. ऐकायला सोपे वाटते. पण हवेला छेदायला लागणारा जोर वेगाच्या घनाने वाढतो. त्या दोन किलोमीटरसाठी पायांना वीस टक्क्यांच्या आसपास जास्त ताकद लावावी लागते. ती दोन महिन्यांत येत नाही, घाटात घाम गाळूनच येते. उलट धावण्यात किलोमीटरला साडेसहा मिनिटांऐवजी सहा मिनिटे लागली, तर दहा मिनिटे वाचतात आणि वेग जेमतेम आठ टक्क्यांनी वाढवावा लागतो. कागदावर धावणे स्वस्त. म्हणून डिसेंबरात जो तो बूट घेऊन टेकडीकडे धावतो.

किंमत दुसरीकडे मोजावी लागते. सायकलवर शरीराचा भार खोगीर पेलते. धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दुपटी-तिपटीचा दणका पायातून वर जातो. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात. स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडे यांना महिने लागतात. सायकलने छाती मजबूत झालेल्या माणसाला म्हणूनच धावण्याचा मोह जास्त घातक. दम पुरतो, नडगी पुरत नाही.

आमच्या गटातले एक स्नेही, व्यवसायाने हिशेब तपासणारे, याच कात्रीत सापडले. चव्वेचाळिसाव्या वर्षी रक्तातली साखर वाढल्याचे कळले आणि ते धावायला लागले. तीन वर्षांत गोवा केला. त्या हिवाळ्यात त्यांनी जानेवारीतली मुंबईची पूर्ण मॅरेथॉन धरली आणि तिच्या तयारीतच तीनशे किलोमीटरची ब्रेव्हेही धरली. ब्रेव्हे म्हणजे ठरल्या वेळात लांब पल्ला सायकलने पार करणे. ‘दोन्ही सुधारतील’, हे त्यांचे म्हणणे. मी तेव्हाच विरोध केला होता. आमच्यात दोन दिवस अबोलाही होता. जानेवारी अखेरीस नडगीच्या हाडाला बारीक चीर निघाली. धावणे बंद, आणि ज्या व्यायामावर साखर ताब्यात होती तोच हातचा गेला. वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, पदक राहू द्या हो, यांना घरात बसवून ठेवायचं कसं ते सांगा.” मिनिटांचा हिशेब मांडणाऱ्या आमच्यापैकी कोणाकडे याला उत्तर नव्हते.

माझे मत असे, की एका वेळी एकच गोष्ट वाढवावी आणि दुसरी नुसती जिवंत ठेवावी. जिवंत ठेवायला फार लागत नाही. रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन संशोधकाने १९८०च्या दशकाच्या आरंभी काही लोकांकडून दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज चाळीस मिनिटे सायकल आणि धावण्याची कसून मेहनत करवून घेतली. मग काहींचे दिवस सहावरून चारवर, काहींचे तर दोनवर आणले. पुढचे पंधरा आठवडे त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता टिकून राहिली. दुसऱ्या प्रयोगात रोजची मिनिटे घटवली, तरी ती टिकली. पण मेहनतीची धार कमी केली, तेव्हा मात्र ती घसरली. म्हणजे वेळ कापा, दिवस कापा, धार कापू नका. आमची मंडळी नेमके उलटे करतात. ‘हंगाम संपला’ म्हणून तास तेवढेच ठेवतात आणि सगळे रमतगमत करतात.

मग आधी काय वाढवायचे? इथे परदेशी पुस्तके दगा देतात. त्यांचा हिवाळा बर्फाचा. डिसेंबरात सायकल घरात ठोकळ्यावर बसवून तिच्यावर घाम गाळायचा, असे ती सांगतात. आपला तसा हिवाळा म्हणजे पावसाळा. जून लागला की घाटरस्ते निसरडे होतात, खड्डे पाण्याखाली जातात आणि सायकल घरात येते. धावणाऱ्याला मात्र पाऊस गोड लागतो. तेव्हा क्रम हवामानानेच लावून दिलेला आहे.

शर्यतीनंतर चार आठवडे मी घड्याळ बांधत नाही. मग फेब्रुवारीअखेरपर्यंत गारव्यात धावणे: आठवड्याला चार दिवस, एकही दिवस सव्वा तासाच्या वर नाही, वेताळ टेकडीच्या मातीवर, आणि एकच दिवस चढावर जोरात. धावण्याचा फायदा लांब पल्ल्यापेक्षा वारंवारतेत जास्त आहे, असा माझा अनुभव. मुंबईला गेलोच तर अर्ध्या अंतराला. या काळात सायकल आठवड्यातून दोनदाच, पण त्यातली एकदा छाती भरून येईल अशी. मार्च ते मे पारडे उलटते. पहाटे पाचला निघून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत, कधी बोपदेव घाट, कधी कात्रज. उन्हाळ्यात सायकलवर निदान वारा तरी लागतो. धावणे दोन-तीन दिवसांवर येते, त्यातले एक सायकलवरून उतरल्या उतरल्या पंधरा मिनिटे. ओंडक्यासारखे झालेले पाय धावायला लावणे, हे वेगळेच शिक्षण आहे आणि ते विसरले की गोव्याच्या दमट दुपारी पहिल्या पाच किलोमीटरांत आठवण होते. सायकलवर जो कमी थकतो तोच पुढे बरा धावतो. म्हणून हे तीन महिने मला धावण्याच्याच खात्यात जमा वाटतात.

चौथा तास, पाचवा तास यांचे तपशील ज्याच्या त्याच्या घरावर अवलंबून. रविवारची लांब सायकल साडेनऊच्या आत घरी आली पाहिजे, हा आमच्याकडचा नियम प्रशिक्षकाने घातलेला नाही.

हिशेबनीस स्नेह्यांना डॉक्टरांनी सहाव्या आठवड्यात जागेवरची सायकल चालवायची परवानगी दिली. त्यांनी हॉलमध्ये पंख्याखाली ठोकळा मांडला. समोर चुकून राहिलेल्या विवरणपत्रांचा गठ्ठा. मेमध्ये ते बोपदेव चढून आले तेव्हा माझ्या पुढे होते. धावणे त्यांनी जूनमध्ये सुरू केले, एक मिनिट धावणे, चार मिनिटे चालणे, भर पावसात. परवा चहावर त्यांनी डिसेंबरचा विषय काढला. मुंबईचे नाव घेतले नाही. ब्रेव्हेचे घेतले, दोनशे किलोमीटरच्या. मी म्हटले, चालेल, पण मग त्या महिन्यात टेकडी बंद. ते गप्प बसले. वाद अजून चालू आहे.