आठ काढायचा, पाय नाही टेकायचा!

वाठारच्या रस्त्यावर ताशी साठनं गाडी मारणारा पठ्ठ्या आरटीओत आठ काढताना पाय का टेकतो? कारण वेग असला की गाडी बरीचशी स्वतःच तोल सांभाळते. वेग ताशी दहाच्या खाली आला की सगळा भार तुमच्यावर. म्हणून सराव सावकाश चालवण्याचा करा. पहिला गिअर, हाफ क्लच, एक्सलेटर एकसारखा आणि लागला तर फक्त मागचा ब्रेक, तोही हलका. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवीच! आणि नजर? पुढच्या चाकाकडे बघाल तर पाय टेकलाच समजा. जिथं वळायचंय तिथं मान वळवून बघा, गाडी मागोमाग येते.

वेगात मात्र उलटाच खेळ. डावीकडे झुकायचं तर डाव्या हातानं हँडल किंचित पुढं ढकलावं लागतं, म्हणजे चाक आधी क्षणभर उजवीकडे जातं. आपण सगळे हे नकळत करतो. सायकलचं दुकान चालवणाऱ्या आणि पुढे विमान उडवणाऱ्या विल्बर राइटनं ही गंमत शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हेरली होती.

शिकाऊ लायसन सहा महिने चालतं. पक्क्याची परीक्षा मात्र तीस दिवसांनंतरच. तोवर गाडीला ‘एल’ची पाटी लावायची. तिचंही माप ठरलेलं: पाटी 18 सेंटिमीटरची चौकोनी, पांढऱ्यावर लाल अक्षर, उंची किमान 10 सेंटिमीटर. मागं कोणाला बसवायचं असेल तर ते शिकवणारंच हवं, आणि त्याच्याकडं पक्कं लायसन हवं. मित्राला कोडोलीपर्यंत सोडणं त्यात बसत नाही.

परीक्षेला बहिणीची स्कूटर नेली तर? आठ झकास निघेल, पण लायसन मिळेल विनागिअरचं. त्यावर स्प्लेंडर चालवता येणार नाही. ज्याला गिअरची गाडी चालवायची आहे त्यानं गिअरचीच न्यावी. तीही रोजच्या सवयीची! स्प्लेंडरचे चारही गिअर पंजानं खाली दाबत पडतात. पल्सरचा पहिला खाली आणि बाकीचे वर. घरात आजोबांची जुनी बुलेट असेल तर आणखी मजा: गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. जुन्या जावाची तर कमालच. किक आणि गिअरची दांडी एकच!

सोळाव्या वर्षी लायसन मिळतं, ही ऐकीव गोष्ट खरीच आहे. पण फक्त 50 सीसीपर्यंतच्या गाडीसाठी. 1972 साली पुण्याच्या फिरोदियांनी आणलेली लुना त्यात चपखल बसायची. आज तशी पेट्रोलची गाडी शोरूममध्ये सापडणं अवघड. आईवडिलांनी मात्र 2019 ची दुरुस्ती वाचावीच: अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. ‘जवळच तर जायचंय’ म्हणून किल्ली देऊ नका, कळकळीनं सांगतो.

रस्त्यात समोरचा बोटं उघडमीट करून ‘लाइट चालू आहे’ म्हणून खुणावतो ना? त्याचे आभार माना आणि पुढं चला. एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकीचा दिवा दिवसाही बंद होत नाही.

हाताचे इशारे पाठ करा. उजवीकडे वळताना उजवा हात सरळ बाहेर. डावीकडे वळतानाही उजवाच हात, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं फिरवायचा. नियम चारचाकीवाल्याच्या सोयीचा, कारण तो उजव्या बाजूला बसतो. दुचाकीवर त्याच हातात एक्सलेटर असतो, म्हणून वेग आधी कमी करायचा, इशारा नंतर.

वारणेच्या पट्ट्यात सगळ्यात अवघड पेपर आरटीओत नसतो. तो गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर असतो. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारं वाढं आणि त्यात झाकलेला मागचा दिवा. संध्याकाळनंतर पुढं काळा ढीग दिसला की वेग आधी उतरवा. ओलांडताना दोन्ही ट्रॉल्यांची लांबी धरा, आणि चढाला किंवा वळणावर मागंच थांबा. आठ काढताना शिकलेला हाफ क्लच इथं खरा कामाला येतो.

नापास झालात? सात दिवसांनी पुन्हा जाता येतं. तीनदा झालात तर साठ दिवस थांबायचं, आणि कायद्यानं आता ड्रायव्हिंग स्कूलमध्ये उजळणीचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. तेवढ्या दिवसांत रिकाम्या मैदानावर खडूनं आठ आखून घ्या आणि रोज सकाळी फिरवा.