कुत्र्याला सांबराचे शिंग नको

भल्या पहाटे मोहफुले वेचायला गेले की गोंदिया जिल्ह्याच्या जंगलात पाचोळ्यात कधी सांबराचे गळालेले शिंग सापडते. पोरे ते हौसेने घरी आणतात आणि कुत्र्यापुढे टाकतात. अमेरिका-इंग्लंडमध्ये तर अशी शिंगे कुत्र्यांसाठी दुकानात मिळतात. मग आपण दिले तर काय बिघडले?

गाईबैलांची शिंगे जन्मभर राहतात. चितळ-सांबराच्या नरांची गळतात आणि पुन्हा नवी फुटतात. हे शिंग म्हणजे टणक हाडच. ते जोराने चावताना कुत्र्याची दाढ फुटू शकते. जंगलात मात्र ते वाया जात नाही. साळिंदर ते कुरतडते आणि त्यातून कॅल्शियम मिळवते.

दुसरी गोष्ट कायद्याची. २००६ च्या वनहक्क कायद्याने पात्र कुटुंबांना मोह, तेंदू, मध गोळा करण्याचा हक्क दिला. शिंगे त्यात येत नाहीत. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात जंगलातले शिंग वनउपज धरले आहे. राखीव जंगलातून ते परवानगीवाचून नेणे गुन्हा ठरतो. टोपलीतल्या एका शिंगापायी मोहाचा हंगाम सोडून चौकशीला खेटे घालायची पाळी कशाला आणायची?

कुत्र्याला जुन्या सुती लुगड्याची जाड वेणी द्या. धागे सुटू लागताच काढून घ्या. गाजरही चालते. शिजवलेली हाडे टाळा, त्यांच्या किरचा घशात अडकतात. खूण सोपी आहे : नख रुतत नाही ती वस्तू कुत्र्याच्या दातांना देऊ नये. आणि शिंग दिसले, तर मुलांना दाखवा, पण तिथेच राहू द्या.