खणांचे घर

टेंभुर्णीतल्या आमच्या जुन्या घराचे आता सहा खण उरले आहेत. ते पाडून स्लॅब टाकायचा की राखायचे, हा विषय दर दिवाळीला घरात निघतो. म्हणून एकदा ठरवले, आधी हे घर उभे कशावर आहे ते नीट पाहायचे.

दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. आपल्याकडे घर चौरस फुटांत नव्हे, खणांत मोजत. दगडी तळखड्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळया, त्यांवर आडव्या कड्या, मग किलचन, त्यावर पाला आणि सर्वांत वर मातीचा जाड थर. हे झाले माळवद.

थायलंडच्या खेड्यांत जुने घर उंच खांबांवर असते आणि छप्पर तीव्र उताराचे. तिथे मुसळधार पाऊस आणि पूर यांच्याशी गाठ. घराखालच्या सावलीत माग चालतो, जनावरे बसतात. आपल्या सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस. इथला खरा शत्रू ऊन. दुपारची धग मातीच्या जाड थरातून आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर माणसे अंथरूण घेऊन माळवदावर गेलेली असतात.

माती गळत कशी नाही? वरच्या थराला खारी माती घालत. तिच्यात सोडियमचे क्षार जास्त. भिजली की तिचे बारीक कण फुगून सुटे होतात आणि भेगा बुजवतात. पीक घेणाऱ्याला नकोशी असलेली माती छपराला उपयोगी पडते. उरलेले पाणी पन्हाळीतून गल्लीत.

घरातले दिवसही या रचनेनेच बांधलेले होते. सवण्यातून चुलीचा धूर बाहेर जाई आणि उजेड आत येई. ज्वारी बळदात. उन्हाळ्यात माळवदावर कुरडया-पापड वाळत. शेजारची माळवदे एकमेकांना लागून, त्यामुळे बायका जिना न उतरताच शेजारी जात. मृगाआधी घरातल्या सगळ्यांनी मिळून वर माती टाकायची, हा नेम होता.

या नेमातच धोकाही होता. जुनी माती न काढता दरसाल नवी पडत गेली की छपराचे वजन वाढत जाते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसे दगडमातीखाली गेली. त्यानंतर आमच्या गल्लीतही माळवदाखाली झोपायला लोक भिऊ लागले. घरे उतरली, पत्रे आले.

ती भीती खोटी नव्हती. पण तिथे दोष कशाचा होता, हे पाहिले पाहिजे. मातीत बसवलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती, दोन्ही बाजूंना सांधणारे लांब दगड नाहीत. हादऱ्याने भिंतीचे दोन थर सुटून कोसळले. जिथे छपराचा भार लाकडी खांबांवर होता, तिथे काही ठिकाणी भिंती पडूनही सांगाडा उभा राहिला. म्हणजे मारले ते बांधणी नसलेल्या भिंतींनी आणि साठलेल्या ओझ्याने. खणाची रचना मुळात चुकीची नव्हती.

पत्र्याखाली मे महिन्यातली दुपार ज्याने काढली आहे, त्याला बदल्यात काय गेले ते सांगायला नको. आता खारी माती ओळखणारे, किलचन बसवणारे हातही कमी झाले आहेत. घर पाडले तर ती विद्याही जाईल.

चुलत्यांना मी एवढेच सुचवले आहे: यंदा पाडू नका. आधी वरची जुनी माती उतरवून थर हलका करू, वाळवी लागलेल्या कड्या बदलू, भिंतींचे काम जाणकार अभियंत्याला दाखवू. त्याने नाही म्हटले, तर पाडू. पण कळल्यावर पाडू, भीतीने नको.

चुलते अजून हो म्हणालेले नाहीत. मात्र परवा शिडी लावून माळवदावर गेले आणि मातीचा थर किती आहे, ते पहारीने मोजून आले.