संख्येची फोड

रसायनशास्त्राचा विद्यार्थी एक मोल पदार्थातील कणांची संख्या लिहिताना चोवीस अंकांची रांग मांडीत बसत नाही; ६.०२२ गुणिले दहाचा २३वा घात, एवढ्यावर त्याचे काम भागते. महत्त्वाचे अंक (मँटिसा) एकीकडे आणि आकारमान (घातांक) दुसरीकडे, ही विभागणी गणकयंत्राच्या स्मृतीत दोनाच्या घातांनी केलेली असते. कोनराड त्सूझे याने १९४१ साली बर्लिनमध्ये पूर्ण केलेल्या झेड-३ यंत्रातही २२ बिटांपैकी एक चिन्हासाठी, सात घातांकासाठी आणि चौदा मँटिसासाठी मुकरर होते. पुढे ज्या त्या यंत्रनिर्मात्याने आपापला रिवाज चालविल्याने जो घोळ माजला, तो निस्तरण्यासाठी विल्यम कहान यांचा मोठा वाटा असलेले आयईईई ७५४ हे मानक १९८५ साली सिद्ध झाले. त्यानुसार ६४ बिटांतील एक चिन्हास, ११ घातांकास व ५२ मँटिसास मिळतात. आणि घातांक ऋण असला तरी नोंद धनच राहावी म्हणून त्यात १०२३ मिळवून तो दाखल होतो.

ॲरेतील असंख्य किमतींची अशी फोड करावयाची झाली, की नवशिक्याचा हात प्रथम लॉगॅरिथमकडे जातो. हा मार्ग मला सदोष वाटतो. १००० च्या नैसर्गिक लॉगॅरिथमाला १० च्या लॉगॅरिथमाने भागले असता यंत्र ३ न देता २.९९९९९९९९९९९९९९९६ देते, आणि त्याचा पूर्णांश घेणाऱ्याच्या पदरी २ पडतो. जी संख्या मुळातच फोडून ठेवलेली आहे, तिची अंदाजाने पुन्हा फोड कशासाठी करावी? सी भाषेतील ‘फ्रेक्स्प’ हे फंक्शन दफ्तरी असलेली नोंदच वाचते, म्हणून त्यात तिळमात्र चूक संभवत नाही. पायथनच्या नमपाय संचातील त्याच नावाचे फंक्शन संपूर्ण ॲरे घेऊन मँटिसांचा एक व घातांकांचा दुसरा असे दोन ॲरे परत करते. त्याच्या प्रथेनुसार धन संख्येचा मँटिसा अर्ध्यापासून एकाच्या आत असतो, म्हणून ॲव्होगाड्रोच्या संख्येचे सुमारे ०.९९६३ व ७९, आणि इलेक्ट्रॉनच्या किलोग्रॅममधील वस्तुमानाचे सुमारे ०.५७७४ व उणे ९९ असे भाग पडतात.

या फोडीचे खरे मोल दीर्घ गुणाकारात कळते. हजारो लहान संभाव्यता एकमेकींनी गुणीत गेल्यास गुणाकार लवकरच शून्यात विरतो. पण मँटिसा तेवढे गुणून, मधूनमधून त्यांची पुन्हा फोड करून आणि घातांकांची निव्वळ पूर्णांकी बेरीज ठेवून तोच हिशेब निर्वेधपणे तडीस जातो.

बिट स्वतः कापून घेण्याची हौस असलेल्याने मात्र दोनाच्या उणे १०२२व्या घाताहून लहान संख्यांपाशी सावध राहावे. तेथे घातांकाचा रकाना शून्य असतो आणि मँटिसाच्या आरंभी एरवी न लिहिता गृहीत धरलेला १ नसतो. ‘फ्रेक्स्प’ला हा अपवाद ठाऊक आहे: सर्वांत लहान धन संख्येसाठी ते ०.५ आणि उणे १०७३ हेच बिनचूक उत्तर देते.