आवाज फळीत असतो

‘मागे शिसवी आहे ना?’ गिटार घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा हेच विचारतो. पुण्यात गिटारदुरुस्ती करताना हा प्रश्न माझ्या कानांवर सारखा पडतो. शिसवी चांगलीच, त्यात वाद नाही. ब्राझीलचं रोजवूड मिळणं अवघड झालं तेव्हा अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये आपल्या नावाजलेल्या डी-२८ला भारतातली शिसवीच लावली. पण पाठीच्या लाकडावर एवढा जीव टाकणाऱ्यांना मी स्पेनच्या अंतोनियो दे तोरेसची गोष्ट सांगतो. आजची क्लासिकल गिटार बरीचशी याच कारागिराच्या घडणीवर चालते. १८६२ मध्ये त्याने एका गिटारची पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. वरची फळी मात्र उत्तम स्प्रूसची. आवाज फळीत असतो, हे त्याला दाखवायचं होतं. बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात ती गिटार आजही आहे.

स्प्रूस थंड मुलखातलं झाड. त्याचं लाकूड वजनाला हलकं, पण रेषेच्या दिशेने चांगलं ताठ. जाड फळी मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडायची आणि दोन्ही पानं सरसाने सांधायची, म्हणजे दोन्हीकडच्या रेषा जुळतात. मग रंधा. फळी तीन मिलिमीटरच्या आसपास आली की हात जपून चालवायचा, कारण जाडी १० टक्क्यांनी उतरली तर ताठपणा २७ टक्क्यांनी उतरतो. आणि याच फळीवर चिकटवलेल्या ब्रिजला स्टीलच्या सहा तारा मिळून सत्तरेक किलोंच्या जोराने ओढत असतात!

तो ताण पेलायला फळीच्या आतून पट्ट्या चिकटवतात. तोरेसच्या पट्ट्या पंख्यासारख्या पसरलेल्या. मार्टिनने १८४०च्या दशकात इंग्रजी एक्ससारख्या फुलीची रचना वापरली. पुढे स्टीलच्या तारा आल्या तेव्हा तीच कामी आली. खरी कारागिरी इथे दिसते. कारागीर फळी दोन बोटांत लोंबती धरतो, टिचकी मारतो, ऐकतो, पटाशीने पट्टीची टोकं थोडी तासतो, पुन्हा टिचकी मारतो. सुरुवातीला कोरडं ‘टक’ येतं. लाकूड उतरत जातं तशी त्यात आस भरते. थांबायचं कुठे, ते मोजपट्टी सांगत नाही. एकाच झाडाच्या दोन फळ्यासुद्धा सारख्या नसतात. कारखान्याला एवढी सवड नसते. गिटार तक्रार होऊन परत येऊ नये म्हणून तिथे सगळ्याच फळ्या जाड ठेवतात. म्हणून स्वस्तातली गिटार मजबूत असते, आणि मुकी.

फळी अखंड लाकडाची की प्लायची, हे ओळखायला आवाजाच्या भोकाची कड बघावी. वरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरत असतील तर लाकूड अखंड. थर दिसले तर प्लाय.

अखंड लाकडाचे नखरेही असतात. चांगले कारागीर कामाच्या खोलीत आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास राखतात. आपल्या पावसाळ्यात फळी ओल पिऊन ब्रिजमागे फुगते, तारा उंच होतात, बोटं दुखतात. एप्रिलमध्ये तीच फळी आकसते आणि रेषेवर तडकते. माझ्याकडे येणाऱ्या तडा गेलेल्या गिटार बहुतेक उन्हाळ्यातल्या. पेटीतल्या सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात ठेवाव्यात, उन्हाळ्यात आठवणीने काढाव्यात. आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत गिटार ठेवायची असेल, तर सरळ प्लायचीच घ्यावी.