साक्ष यंत्रांची – लेखांक ६ : स्वयंपाकघरातला इको आणि पाण्याचं मीटर

मोबाइल टॉवरच्या नोंदींवरचा गेल्या आठवड्याचा लेख वाचून अनेकांनी एकच प्रश्न विचारला : घरातला तो बोलका स्पीकर आपलं सगळं बोलणं साठवून ठेवतो का?

ऐकतो सतत, पण ठेवतो मोजकंच. त्यातली चिप फक्त हाकेचा शब्द शोधत असते. तोवरचा आवाज काही सेकंद यंत्रात राहतो आणि त्यावर पुढचा आवाज चढत जातो. 'अ‍ॅलेक्सा' ऐकू आलं की निळा दिवा लागतो आणि तिथून पुढचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरकडे जातं. कधी टीव्हीवरच्या संवादालाही स्पीकर हाक समजतो. पोलिसांची आशा असते ती अशा चुकून झालेल्या रेकॉर्डिंगवर.

अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्यातल्या बेंटनव्हिल गावात २२ नोव्हेंबर २०१५ च्या सकाळी एका घराच्या हॉट टबमध्ये एका पाहुण्याचा मृतदेह सापडला. घरमालकावर खुनाचा आरोप ठेवला गेला. स्वयंपाकघरात अ‍ॅमेझॉनचा इको, म्हणजे असाच बोलका स्पीकर होता. पोलिसांनी त्याचं रेकॉर्डिंग मागितलं. अ‍ॅमेझॉनने खात्याची माहिती दिली, पण आवाज देण्यास नकार दिला. माणूस घरात यंत्राला काय विचारतो, हा त्याच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असं कंपनीने २०१७ च्या फेब्रुवारीत कोर्टात मांडलं. तो मुद्दा मला आजही मोलाचा वाटतो. त्यावर निकाल मात्र लागलाच नाही, कारण मार्चमध्ये आरोपीने स्वतःच संमती दिली आणि रेकॉर्डिंग पोलिसांना मिळालं.

जगभर चर्चा झाली ती इकोची. फिर्यादी पक्षाचा खरा भर होता पाण्याच्या मीटरवर. हे मीटर तासातासाचा वापर नोंदवत होतं. त्यानुसार रात्री एक ते तीनच्या दरम्यान १४० गॅलन, म्हणजे सुमारे ५३० लिटर पाणी वापरलं गेलं होतं. एवढ्या रात्री एवढं पाणी कशाला? रक्ताचे डाग धुवायला, असं पोलिसांचं अनुमान. बचाव पक्षाने आकड्याला हातच लावला नाही, त्यांनी घड्याळावर बोट ठेवलं. मीटरची वेळ बारा तासांनी चुकली आहे, हे पाणी दुपारी हॉट टब भरताना वापरलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं. तेच ५३० लिटर, पण रात्रीचे असले तर संशय, दुपारचे असले तर रोजचं घरकाम. शेवटी उपलब्ध पुराव्यांचे एकापेक्षा जास्त पटण्याजोगे अर्थ निघतात, असं सांगून सरकारी वकिलांनी २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये खटला मागे घेतला.

वेळेचाच वाद आपल्या जालन्यातही झाला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी पुढे राहिले. खोतकरांचा अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर दाखल झाला, असा गोरंट्याल यांचा आक्षेप होता. पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातलं चित्रीकरण. त्या सीडीसोबत कायद्याने लागणारं प्रमाणपत्र हवं होतं, आणि वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला दोन गोष्टी स्पष्ट केल्या. मूळ यंत्रच हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र सक्तीचं. मात्र सगळे प्रयत्न करूनही ते मिळालं नाही, तर पुरावा देणाऱ्याला त्याची शिक्षा नको. तक्रारदारांना ती सूट मिळाली.

अशा पुराव्यासाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. आता प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक पुरावा देणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. फाइलची हॅश, म्हणजे तिच्या आशयावरून गणिताने काढलेला ठसाही लिहावा लागतो. फाइलमध्ये एवढासा बदल झाला तरी हॅश बदलते, त्यामुळे कोर्टातली प्रत नंतर कोणी हाताळली का, हे कळतं. पण चुकीच्या वेळेने झालेल्या रेकॉर्डिंगचीही हॅश बिनचूकच जुळते. म्हणून जप्तीच्या पंचनाम्यात यंत्रातली वेळ आणि खरी वेळ शेजारीशेजारी लिहायला हवी. हे काम दोन मिनिटांचं आहे, आणि नंतर कितीही हुशार तज्ज्ञ आणला तरी ती नोंद मागे जाऊन करता येत नाही.

हा लेख लिहिताना खाली जाऊन आमच्या सोसायटीचा सीसीटीव्ही पाहिला. पडद्यावर ९ वाजून ४० मिनिटं, माझ्या मोबाइलवर ९ वाजून १८. वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, लाइट जाऊन आली की तसं होतं." त्यांची वही मागून घेतली आणि तारीख टाकून लिहिलं : घड्याळ २२ मिनिटं पुढे. खाली दोघांनी सह्या केल्या.